कडब्यातलं टेबल

ता. भोकरदन,
रविवार

प्रिय सुमेधा,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. तुझी आई बरी आहे, तुझा भाऊ प्रितम आणि सूनबाई वंदना बरी आहेत, माझी बीपीची गोळी सकाळच्या चहानंतर चालू आहे. म्हैस व्यायला टेकली आहे, तिची काळजी मी वेगळी करतो. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मला बोलता येत नाही. कानाला लावला की जेवलीस का, थंडी आहे का, एवढंच निघतं, आणि बिल चढेल म्हणून मी ठेवून देतो. प्रितम म्हणतो, "आप्पा, आता बिल चढत न्हाई, महिन्याचं एकदाच असतंय." तरी माझा जीव घाबरतो. म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा सातवीपर्यंत, ऱ्हस्व-दीर्घ चुकणारच. कॉलेजातल्या पोरांचे पेपर तपासतेस तसा लाल पेन हातात घेऊ नकोस. पोस्टावरही माझा भरवसा नाही, म्हणून रजिस्टर करायला सांगितलंय आणि पावती जपून ठेवायलाही.

बातमी अशी, की टेबलाचा मालक येऊन गेला. पुन्हा सांगतो, घाबरू नकोस. आला, दोनदा चहा प्याला, रडला, हसला, जेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. टेबल घरातच आहे. आणि मी आठ दिवसांपासून पोटभर जेवतोय. तुझी आई म्हणते, "या वयात तीन-तीन भाकरी? कुठं जातंय हे सगळं?" तिला काय सांगू. शाळेत असताना माझं पोट भीतीनं आवळलं होतं, ते आता कुठं सुटलंय.

सगळं सुरू झालं तुझ्या अर्पितामुळं. दिवाळीला आली होती तेव्हा आतल्या खोलीत टेबलाचे फोटो काढत बसली. वरचं हिरवं चामडं, पायांची पितळी चाकं, खण, आणि ते रीळ. तुला आठवत असेल, डाव्या बाजूच्या मधल्या खणाला पितळी मूठ नाही, तिथं दोऱ्याचं लाकडी रीळ खिळा मारून बसवलंय. पोरगी म्हणाली, "आजोबा, हे ओकचं लाकूड आहे. आपल्याकडं हे झाडच नाही. मग हे आपल्या घरी आलं कुठून?" मी म्हणालो, "अभ्यास कर." तिनं अभ्यास केला नाही, तिनं फोटो इंटरनेटवर टाकले आणि खाली लिहिलं, की हे टेबल आमच्या घरी कुठून आलं ते कुणाला सांगता येईल का. अगं, जी वस्तू मी जन्मभर आतल्या अंधाऱ्या खोलीत गोधड्यांखाली ठेवली, ती पोरीनं साऱ्या जगापुढं नेऊन मांडली. वर मामाचा फोन नंबरही दिला.

या महिन्याच्या सुरवातीला प्रितमला हैदराबादहून फोन आला. मोईन साहेब म्हणून कुणी, बँकेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, फोटोतलं मेज आमच्या नानांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं आहे, शुक्रवारी बघायला येतो. प्रितमनं "या की" म्हणून सांगितलं आणि मला येऊन हसत सांगितलं.

तुला हे कधी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. मला वाटायचं, नव्हे, मला पक्कं माहीत होतं, की ते टेबल लुटीचं आहे आणि लूट तुझ्या आबांनी, माझ्या बापानं, केली.

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी तीन वर्षांचा. आपल्या शिवारात वहीद वकिलांचा बंगला होता आणि आबा त्यांचे गाडीवान. वकिलांचं खरं घर जालन्यात, बंगला शेतीपुरता. त्या आठवड्यात नेमकं सगळं कुटुंब बंगल्यावर आलेलं. निजामाचं राज्य गेलं. त्याआधी लोकांनी फार भोगलं होतं, त्याचा राग होता, आणि राग एकदा सुटला की कुणाच्या दारात जायचं ते विचारत नाही. बंगला लुटला गेला. दारं-खिडक्यासुद्धा लोकांनी उपसून नेल्या. वकिलांची माणसं कुठं गेली ते कुणाला कळलं नाही. मग सहा महिन्यांनी आबा भर दुपारी बैलगाडीत हे टेबल घालून गावात आले. आपल्या वस्तीत तेव्हा कुणाच्या घरी खाटसुद्धा नव्हती. तिथं टेबल, तेही पितळी चाकांचं. गावानं एकच अर्थ काढला. दगडू गाडीवानानं बंगल्यातून उचलून कुठंतरी दडवलं होतं, आता वातावरण थंड झाल्यावर बाहेर काढलं.

मला मात्र ते टेबल म्हणजे आपली श्रीमंती वाटायची. पाचवीत असताना गुरुजींनी फळ्यावर एक गणित घातलं, ते वर्गात एकट्या माझं बरोबर आलं. गुरुजी खूश झाले. म्हणाले, "कडूबा, घरी कशावर बसून अभ्यास करतोस रे?" मी छाती काढून म्हणालो, "टेबलावर." सगळा वर्ग हसला. आणि मागून वसंता, हाच आपला समोरच्या गल्लीतला वसंता, ओरडला, "चोरीच्या टेबलावर!" गुरुजीही हसले. ते हसले नसते तर कदाचित मी विसरून गेलो असतो.

घरी येऊन आबांना विचारलं, "आपण हे चोरून आणलं का?" आबा टेबलाला जवसाचं तेल लावत होते. दरवर्षी पावसाच्या आधी लावायचे. त्यांचा हात थांबला. मग पुन्हा फिरायला लागला. बोलले काहीच नाहीत. सुमेधा, त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मारणारा बाप खरा वाटला असता.

त्या दिवसापासून मी टेबलावर वही ठेवली नाही. आबा दोन-तीनदा म्हणाले, "कडूबा, मेजावर बस की रे." मी जमिनीवरच बसलो. मग अभ्यासातलंच मन उडालं. कुणी हसलं की ते आपल्यालाच, असं वाटायचं. सातवीनंतर शाळा सोडली आणि लोकांना सांगितलं की गरिबी. गरिबी होतीच, पण त्याच गरिबीत शिकून नोकरीला लागलेले आपल्या वस्तीत चौघं आहेत. तू तीन वर्षांची असताना आबा गेले. त्यानंतर दरवर्षी तेल मी लावत आलो. माया म्हणून नाही, भीतीनं. कधीतरी मालक दारात उभा राहील, तेव्हा वस्तू खराब केली असं तरी त्यानं म्हणू नये.

आणि आता तो खरंच येणार होता. प्रितम म्हणाला, "आप्पा, त्यांचं असंल तर देऊन टाकू. लाकूडच हाय." त्याला कसं सांगू, की टेबल गेलं तर जाऊ दे, चाकांसकट जाऊ दे, पण माझ्या दारात उभं राहून कुणी म्हणालं की तुझ्या बापानं आमचं घर लुटलं, तर मी कुठं बघायचं? टेबलच नसलं तर ते बोलणंच निघणार नाही, असं माझ्या डोक्यात बसलं. गुरुवारी प्रितम भोकरदनला गेला होता. मी वसंताला हाक मारली. तोही ऐंशीचा, मीही ऐंशीचा, दोघांनी मिळून ते टेबल चाकांवर ढकलत ढकलत मागच्या गोठ्यात नेलं आणि त्याच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. वसंता दम खात म्हणाला, "कडूबा, आपल्याला लवकर मारायचा बेत हाय का तुझा?" तुझी आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "चांगलं केलं. आता म्हशीला बसवा अभ्यासाला. तुमच्या घरात एक तरी म्हैस दहावी होऊ द्या." मला त्यावेळी विनोद कळत नव्हता.

शुक्रवारी दुपारी मोईन साहेब आले. साठीच्या पुढचा माणूस, पांढरा सदरा, हातात मिठाईचा पुडा. आल्या आल्या माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेतला, कारण पुढं काय होणार ते मलाच माहीत होतं. चहा झाला. त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, "ते टेबल इकलं. लई वर्सं झाली." ते खालच्या आवाजात म्हणाले, "चाचा, फोटो तो इस दिवाली का है." मी म्हणालो, "दिवाळी झाल्यावर इकलं." ते म्हणाले, "अभी तो आप बोले, लई वर्सं झाली." प्रितमनं मान खाली घातली. वंदना आत गेली ती हसायला गेली की लाजेनं गेली, कोण जाणे. माझ्या कानातून वाफा निघत होत्या.

पण तो माणूस चिडला नाही. चष्मा काढून पुसत म्हणाला, "चाचा, मैं मेज लेने को नै आया. अम्मी छियासी की है. उनो बोले, एक बार जाके देखके आ, जिंदा है क्या वो मेज. बस." आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते मी तुला माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्यांचं सगळं बोलणं मला जसंच्या तसं लिहिता येणार नाही.

त्यांची आई म्हणजे वहीद वकिलांची मुलगी, रफिया. त्यावेळी नऊ वर्षांची. बंगल्यावर लोक चालून येणार ही खबर आबांना आदल्या दिवशीच लागली होती. वकील म्हणाले रात्रीच निघू. आबा म्हणाले, रात्री निघालेली गाडी लोक अडवतात, दुपारी बाजाराला निघालेल्या कडब्याच्या गाडीकडं कुणी बघत नाही. त्यांनी चांगलं ऊन वर येऊ दिलं. मग वकील, त्यांची बायको आणि ती पोर अशा तिघांना गाडीत आडवं झोपवलं आणि वरून कडबा रचला. वेशीजवळ माणसं उभी होती. एकानं गाडीतली पेंढी ओढायला हात घातला. आबांनी वरच्या दोन पेंढ्या स्वतःच उचलून त्याच्या अंगावर टाकल्या आणि म्हणाले, "मागून कशाला ओढतो, पाटला? तुझ्या बैलाला म्हणून माग की. घे." तो हसला आणि बाजूला झाला. आत त्या पोरीच्या नाकातोंडात कुसळं जात होती, खोकला येत होता. तिच्या मुठीत बाहुलीचे कपडे शिवायचं दोऱ्याचं रीळ होतं. तेच तिनं दातांत धरलं आणि जालना येईपर्यंत सोडलं नाही.

एवढं सांगून मोईन साहेबांनी विचारलं, "चाचा, जिसको बेचे उसका पता तो होंगा. बस इतना पूछो, रील पे दाँत के निशान हैं क्या?" मी तोंड उघडायच्या आत तुझी आई उंबऱ्यातून म्हणाली, "हायेत की! म्या तर आजवर उंदराचे समजत व्हते." सगळे तिच्याकडं बघायला लागले. मग ती माझ्याकडं वळली. "बघता काय? इकलेल्या टेबलाचे दात मला कसे ठाऊक, हे सांगा आता पाव्हण्याला." आणि माझी वाट न बघता तिनंच सांगितलं, "दादा, तवा तुमची माणसं कडब्यात व्हती, अन् आता तुमचं मेज कडब्यात हाय. आमच्या घरात मौल्यवान वस्तू तिथंच ठेवायची रीत दिसतीया."

सुमेधा, तो माणूस आधी हसला. मग हसता हसता त्यानं तोंडाला रुमाल लावला.

आम्ही गोठ्यात गेलो तर म्हशीनं तोवर अर्धं काम केलंच होतं. चार पेंढ्या ओढून खाल्ल्या होत्या आणि टेबलाचा एक कोपरा उघडा पडला होता. प्रितमनं बाकीचा कडबा बाजूला केला. मोईन साहेब खाली बसले आणि रिळावरून अंगठा फिरवत राहिले. मीही फिरवला. चार लहान खड्डे वर, तीन खाली. इतकी वर्षं तेल लावलं, पण मला वाटायचं आबांनी घाईनं उचलताना मूठ मोडली आणि जे हाताला लागलं ते ठोकलं. ज्याला मी चोरीची खूण समजलो, ते एका लेकराचे दात होते.

त्यांनी तिथूनच आईला फोन लावला, चेहरा दिसतो तसला. पडद्यावर एक गोरी, सुरकुतलेली म्हातारी आली. हैदराबादेत इतकी वर्षं काढूनही तिची जालन्याची मराठी तशीच. मला बघून म्हणाली, "दगडूभाऊचा कडूबा का तू? शेंबडा व्हतास रे!" या वयात मला कुणी शेंबडा म्हणेल असं वाटलं नव्हतं. मी नाकाला हात लावून बघितला, तर खरंच डोळ्यांचं पाणी तिथवर आलं होतं.

पुढचं तिनं सांगितलं. सहा महिने ते जालन्याच्या घरात होते. हे टेबल तिथलंच. तिच्या आजोबांनी छावणीतला कुणी गोरा साहेब गेला तेव्हा हर्राशीत, लिलावात घेतलेलं. म्हणजे ते बंगल्यात कधी नव्हतंच. रिकाम्या बसल्या बसल्या तिनं आपलं रीळ त्या मोडक्या खणाला ठोकून दिलं. हैदराबादला जायच्या आधी वकिलांनी आबांना बोलावून घेतलं आणि विचारलं, काय देऊ? आबा म्हणाले, "मीठ खाल्लंय. त्याचं मोल घ्यायचं नसतं." पैसे घेईनात, बैल घेईनात. तेव्हा तिच्या आईनं विचारलं, पोरगा केवढा आहे? आबा म्हणाले, तीन वर्षांचा. तिची आई म्हणाली, "मग हे तुला नाही. हे त्याला. तो यावर लिहील. लेकराच्या वस्तूला नाही म्हणायचा तुला हक्क नाही." आबांनी गाडी जुंपली.

मी विचारलं, मग त्यांनी गावात हे सांगितलं का नाही? मलासुद्धा का नाही? म्हातारी म्हणाली, आबांनी जाताना वकिलांकडूनच शब्द घेतला होता, गावात कधी पत्र टाकू नका, येऊ नका. म्हणाले होते, "मी तुम्हाला नेलं हे निघालं तर माझं छप्पर जळंल. त्याचं काही न्हाई. पण बंगल्यात कोण कोण शिरलं हे बी त्याच्यासंगं निघंल. त्यांची लेकरं माझ्या लेकरासंगं शाळेत जाणार हायेत. त्यांनी मान खाली घालून काय शिकायचं?"

म्हणून सुमेधा, ते चोर म्हणवून घेत राहिले. दुसऱ्यांच्या पोरांची मान वर राहावी म्हणून. आणि त्यांच्या स्वतःच्या पोराची मान खाली गेली ती त्यांना दिसत होती, दोन-तीनदा "मेजावर बस की रे" म्हणालेही, यापेक्षा जास्त त्यांना बोलता आलं नाही. मी हे रोज आठवतो. वाईट वाटतं, पण त्या वाईट वाटण्यातही छाती मोकळी वाटते. हे कसं ते मला लिहिता येत नाही.

रीळ मी मोईन साहेबांना देऊन टाकलं. ते नको नको म्हणत होते. प्रितमनं पक्कड आणली, खिळा कुरकुर करत निघाला. म्हटलं, मेज माझं आहे असं तुमच्या आजीनं सांगितलंय, पण रीळ तुमच्या आईचं. तिच्या दातांचं आहे. जाताना त्यांनी ते रुमालात बांधून वरच्या खिशात ठेवलं.

संध्याकाळी मी वसंताकडं गेलो. सगळं सांगितलं. शाळेतलंही सांगितलं. तो म्हणाला, "तुला त्ये अजून ध्यानात हाय? अरे, तुझं गणित बराबर आलं अन् माझं चुकलं म्हणून मी बोललो. मला तुझ्या टेबलाशी काय करायचं व्हतं?" बघ, एवढ्याशा गणितापायी. मी हसलो, तोही हसला. मग तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आमच्या माजघरात मोठा आरसा व्हता. नक्षीचा. त्यो कुठून आला, असं मला शाळेत कुणी कधी इचारलं न्हाई." मी म्हणालो, "राहू दे आता." आम्ही चहा प्यालो. आबांनी जे झाकून ठेवलं ते मी उघडं करणार नाही. तूही हे कुठं बोलू नकोस.

आता मुद्द्याचं लिहितो. इतकी पानं झाली तरी मी तिथवर आलो नाही, हे तुला कळलं असेल. तू दहावीला होतीस. घरात पाहुणे होते, खाली बसायला जागा नव्हती. तू गोधड्या काढून टेबलावर वह्या मांडल्यास. मी शेतातून आलो आणि एका हातानं सगळं अंगणात फेकलं. तुझ्या भूमितीच्या वहीवरून कोंबड्या फिरल्या. तू रडली नाहीस. वह्या उचलल्यास, झटकल्यास, आणि पत्र्याच्या कोठीवर जाऊन बसलीस. सगळी दहावी तिथंच केलीस. त्यानंतर तू माझ्याकडं काही मागितलं नाहीस. पुस्तक नाही, साडी नाही, काहीच नाही. नोकरी लागून निघालीस त्या दिवशी एस.टी.च्या खिडकीतून एवढंच विचारलंस, "आप्पा, मुलगी होते म्हणून बसू दिलं नाही ना?" माझा हात खिडकीच्या गजावर होता. तेल लावताना आबांचा हात थांबला होता, तसा तो थांबला. गाडी सुटली. मीही काही बोललो नाही.

त्याचं उत्तर आज देतो. मुलगी म्हणून नव्हतं, सुमेधा. माझ्या लेकीनं चोरीच्या टेबलावर शिकू नये म्हणून होतं. उद्या कुणी तुला वर्गात हसेल, या भीतीनं होतं. ते मला त्यावेळी तोंडानं सांगता आलं नाही. उशीर झाला, पण खरं आहे.

गुरुवारी मच्छिंद्रचा टेम्पो नाशिकला येतोय. त्यात टेबल पाठवतोय. पत्र आधी पोचेल असं पोस्टमास्तर म्हणाले, बघू. वाटेत घासू नये म्हणून खाली-वर चांगला कडबा भरायला सांगितलाय. तुमच्या बिल्डिंगमधले लोक काय म्हणतील ते म्हणू देत. जवसाच्या तेलाची बाटली मधल्या खणात आहे. त्या खणाला आता मूठ नाही, खिळ्याचं भोक तेवढं आहे. तिथं काय लावायचं ते अर्पितानं ठरवावं. आणि लाकूड कुठल्या देशातलं, कुठल्या साहेबाचं, ते तिला शोधायचं तर शोधू दे. मला वकिलांपर्यंत कळलं, मला तेवढं बस झालं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. फोन ठेवायच्या आधी त्या म्हातारीनं मला विचारलं होतं, "कडूबा, मेजावर लिहितं कोण रे?" सगळे माझ्याकडं बघत होते. पाचवीत मी वही उचलली, त्यानंतर त्यावर कुणी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तिच्या आईनं लेकरासाठी दिलेली वस्तू, आणि ती गोधड्यांखाली राहिली, हे त्या शहाऐंशी वर्षांच्या बाईला मी कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हणालो, "माझी लेक लिहिते. सुमेधा. त्याच्यावरच शिकली अन् प्रोफेसर झाली." ती इतकी खूश झाली, की पडद्यावरच तिनं बोटं मोडून तुझी दृष्ट काढली. म्हणाली, "तिला म्हणावं, मला एक पत्र टाक. त्याच मेजावर बसून टाक." त्या दिवशी मी दोनदा खोटं बोललो. पहिलं तुझ्या आईनं पकडलं. दुसरं तुझ्या हातात आहे. पत्ता पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. टेबल आलं की कडबा झाड, खिडकीजवळ ठेव, आणि त्या माउलीला चार ओळी लिही. त्यावरचं पहिलं पत्र मात्र हेच आहे. मी आज सकाळपासून मेजावर बसलोय, सुमेधा. उंची माझ्यासाठी अगदी बरोबर आहे.

तुझाच,
आप्पा